मेणाखाली राखलेला पांढरा

युक्रेनमधल्या नदीकाठच्या खेड्यांत ईस्टरच्या आदल्या दिवशी अंड्यांची टरफलं उकिरड्यावर टाकत नसत. त्या दिवशी घरोघर 'पास्का' नावाचा उंच, गोडसर पाव भाजतात. त्याच्या पिठात भरपूर अंडी जातात आणि टरफलांचा ढीग पडतो. आई ती टरफलं मुलांच्या हाती देई आणि वाहत्या पाण्यात सोडून यायला सांगे. नदी ती समुद्राला नेईल, समुद्रापलीकडे फार दूर 'रखमान' नावाचे पुण्यवान लोक राहतात, त्यांच्याजवळ पंचांग नाही, टरफलं पोहोचली की त्यांना कळतं की ईस्टर झाला. मग ते आपला सण करतात. टरफलांच्या या प्रवासाला साडेतीन आठवडे लागतात असं मानलेलं, म्हणून ईस्टरनंतरचा पंचविसावा दिवस हा रखमानांचा ईस्टर.

हे रखमान म्हणजे भारतातले ब्राह्मण. सिकंदर आणि इथले तपस्वी यांच्या भेटीच्या कथा ग्रीकमधून बायझंटाइन ग्रंथांत गेल्या, तिथून स्लाव्ह हस्तलिखितांत उतरल्या आणि त्या वाटेवर ब्राह्मणांचे रखमान झाले. फारशा गरजा नसलेली, भांडणतंटा न करणारी, देवाच्या जवळ राहणारी माणसं अशी त्यांची तिकडे ख्याती. नीपर किंवा प्रूत नदीत टरफलं सोडणाऱ्या पोराच्या कल्पनेत त्या पाण्याचं दुसरं टोक कुठेतरी आपल्या बाजूला होतं. ईस्टरच्या अंड्यांवर मराठीत लिहायला एवढं नातं मला पुरेसं वाटतं.

ईस्टरची अंडी म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे फॅबर्जे येतो. सेंट पीटर्सबर्गच्या या जवाहिऱ्यानं १८८५ साली झार तिसऱ्या अलेक्झांडरसाठी पहिलं अंडं घडवलं, पुढे जवळजवळ दरवर्षी घडवत गेला, ती सोन्यारत्नांची अंडी आज संग्रहालयांत आणि अब्जाधीशांच्या तिजोऱ्यांत आहेत. त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्याच साम्राज्यात, त्याच वर्षांत, लाखो शेतकरी बायका कोंबडीच्या साध्या अंड्यावर मेणबत्तीच्या उजेडात जे काम करत होत्या ते मला कितीतरी मोठं वाटतं, आणि हा लेख त्यांच्याविषयी आहे.

अंडी आणि ईस्टर यांची गाठ पडण्यामागे एक अगदी घरगुती कारण आहे. ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ. पूर्वेकडच्या चर्चच्या नियमानं त्या काळात मांस, दूध, लोणी आणि अंडीही वर्ज्य. पण उपवास माणसांना, कोंबड्यांना नाही. उलट हिवाळा सरून दिवस मोठा होऊ लागला की कोंबड्या जोमानं अंडी घालायला लागतात. खायची नाहीत आणि साठत तर चालली आहेत, अशी ही अंडी. त्यातली काही उकडायची, काही रंगवायची, काही वाटायची. वसंतात अंडं हे नव्या जिवाचं चिन्ह, ही समजूत ख्रिस्ती धर्माच्या आधीपासूनची. पुनरुत्थानाच्या सणानं ती सहज सामावून घेतली.

युक्रेनमध्ये या अंड्यांच्या दोन मुख्य जाती. एक 'क्राशांका'. उकडलेलं, एकाच रंगात बुडवलेलं, बहुधा लाल अंडं. हे खायचं. ईस्टरच्या टोपलीत पास्का, लोणी, चीज, सॉसेज, तिखट मुळाची चटणी आणि मीठ यांच्या सोबत ते चर्चमध्ये जातं, भरतकाम केलेल्या कापडाखाली झाकून. पुजारी पवित्र पाणी शिंपडतो, मग घरी येऊन उपवास सोडताना पहिला घास त्या अंड्याचा. मुलं अंड्यावर अंडं आपटतात. ज्याचं फुटेल तो हरला. दुसरी जात 'पिसांका'. हे कच्च्या अंड्यावर मेणानं नक्षी काढून केलेलं, आणि ते खायचं नसतं. ते द्यायचं आणि ठेवायचं.

पिसांकेची रीत समजून घ्यायला बाटिकचं कापड आठवावं. जिथे मेण लागलं तिथे रंग चढत नाही. तत्त्व एवढंच, पण पीळ असलेलं. करणाऱ्या बाईला सगळं उलट्या क्रमानं डोक्यात धरावं लागतं. तयार अंड्यावर जे पांढरं दिसायला हवं, ते सगळ्यात आधी मेणानं झाकायचं. मग अंडं पिवळ्या रंगात. त्यातून काढून पुसलं की अख्खं अंडं पिवळं. आता जिथे पिवळं राहायला हवं तिथे मेण. मग नारिंगी, पुन्हा मेण. मग लाल, पुन्हा मेण. शेवटी काळा किंवा गडद तपकिरी. फिक्याकडून गडदाकडे असा हा प्रवास, आणि त्यात मागे फिरता येत नाही. हिरव्या-निळ्याची अडचण असते, कारण ते या रांगेत नीट बसत नाहीत. म्हणून हिरवा हवा तिथे काडीच्या टोकानं थेंबभर लावून लगेच मेणानं झाकून टाकतात.

हत्यार साधं. पितळेच्या पातळ पत्र्याचं इवलंसं नरसाळं, तारेनं लाकडी काडीला आडवं बांधलेलं. याला किस्तका म्हणतात, कुठे पिसाचोक. नरसाळं मेणबत्तीच्या ज्योतीत क्षणभर तापवायचं, मधमाश्यांच्या मेणाच्या ढेपेवर टेकवून थोडं मेण उचलायचं, पुन्हा ज्योतीत धरायचं. मेण बासष्ट-चौसष्ट अंश सेल्सिअसला वितळतं आणि नरसाळ्याच्या बारीक तोंडातून उतरू लागतं. काजळीनं ते काळं पडतं आणि ते बरंच असतं, पांढऱ्या अंड्यावर रेघ दिसते तरी. फार तापलं तर थेंब गळतो, आणि गळलेला थेंब म्हणजे कायमचा डाग. थंड झालं तर रेघ खरवडल्यासारखी तुटक येते. हात सराईत झाला की माणूस ज्योतीकडे न बघता वेळ ओळखतो.

रेघ सरळ यावी यासाठी एक युक्ती आहे, आणि ती पाहिल्याशिवाय पटत नाही. किस्तका हलवायचीच नाही. ती धरलेला हात टेबलावर टेकवून स्थिर ठेवायचा आणि दुसऱ्या हातानं अंडं फिरवायचं. अंड्याची पाठ दोन्ही दिशांनी वळलेली, कुठेही सपाटी नाही. तिच्यावर हात फिरवत गेलं की रेघ वाकडी होणारच. अंडंच फिरलं तर विषुववृत्तासारखी गोल रेघ पहिल्याच दिवशी बऱ्यापैकी जमते. आधी उभी-आडवी विभागणी करून घेतात, दोन भाग, चार, आठ, आणि मग त्या चौकटींत नक्षी. आता पुष्कळजण पेन्सिलीनं हलक्या खुणा करतात. जुन्या बायका खुणेशिवाय थेट मेणानं अंडं विभागत.

अंड्याची निवड हे अर्धं काम. गुळगुळीत, दोन्ही बाजूंनी सारखं, पांढरं. ज्योतीपुढे धरून केसाएवढी चीर कुठे नाही ना ते पाहायचं. ते थंडगार नको, नाहीतर बाहेर काढल्यावर त्याला दव सुटतं आणि मेण धरत नाही. बोटं धुतलेली हवीत, कारण बोटांचा तेलकटपणा लागला तिथे रंग चढत नाही. कवच जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेटचं, त्याच्यावर प्रथिनांचा अतिशय पातळ पापुद्रा. रंग धरतो तो मुख्यतः या पापुद्र्यावर, आणि त्यासाठी पाण्यात थोडं आम्ल लागतं. म्हणून रंगाच्या भांड्यात व्हिनेगर. व्हिनेगर जास्त झालं तर कवच फसफसू लागतं, पृष्ठभाग खडूसारखा होतो आणि आधी काढलेलं मेणही सुटून येतं. पूर्वी व्हिनेगरऐवजी कोबी आंबवलेलं पाणी घालणाऱ्या घरांत रसायनशास्त्र कुणी शिकलं नव्हतं, पण किती घालायचं ते ठाऊक होतं.

शेवटचा टप्पा सगळ्यात सुंदर. काळ्या रंगातून निघालेलं अंडं पाहवत नाही. काळं, ढेकळासारखं, मेणाच्या थरांनी खडबडीत. ते ज्योतीच्या बाजूला धरायचं, वर कधीच नाही, वर धरलं की काजळी बसते. मेण ओलसर चमकलं की मऊ कापडानं पुसायचं. एका वेळी बोटभर जागा. पुसलेल्या जागी पांढरं, पिवळं, लाल एकदम उघडं पडतं, इतके तास झाकलेलं. कितीही अंडी केलेली बाई असो, या क्षणी ती वाकून बघते.

रंग घरचेच असत. कांद्याच्या टरफलांचा काढा. त्यातून सोनेरीपासून तांबूस तपकिरीपर्यंत छटा मिळतात, टरफलं किती आणि उकळली किती यावर सगळं अवलंबून. रानसफरचंदाच्या सालीचा पिवळा. अक्रोडाच्या हिरव्या सालीचा तपकिरी. सूर्यफुलाच्या बियांच्या फोलांचा आणि ओकच्या सालीचा गडद. गव्हाच्या-राईच्या कोवळ्या पातीचा हिरवा. रंग पक्का बसावा म्हणून तुरटी. कृती आईकडून मुलीला जाई, शेजारणीला सांगत नसत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाजारात अ‍ॅनिलिनचे कृत्रिम रंग पुड्यांतून आले, तेव्हा नक्षी अधिक झगझगीत झाली आणि काढे उकळण्याची चिकाटी हळूहळू मागे पडली. जुन्या संग्रहांतल्या अंड्यांचे रंग दबलेले, मातीच्या जवळचे दिसतात. ते मला अधिक आवडतात, पण नव्या रंगांना नाकं मुरडणं योग्य नाही. खेड्यातल्या बाईलाही लखलखीत लाल हवासा वाटणारच.

काम रात्री चाले, मुलं झोपल्यावर. शक्यतो तरुण कोंबडीचं पहिलं अंडं घ्यायचं, आणि कोंबडा असलेल्या कळपातलं. निर्जीव अंड्यावर नक्षी काढली तर घराचा वंश खुंटेल अशी समजूत. मन शांत हवं, दिवसभरात कुणाशी भांडलेलं नको. काढून झालेली अंडी कुठे कुठे जात ते पाहिलं की त्या घराचा सगळा पसारा समोर येतो. एक पाळण्यात. एक गोठ्यात गाभण गायीसाठी. एक मधमाश्यांच्या पेटीखाली. एक कोंबडीच्या खुराड्यात, भरपूर अंडी घालावीत म्हणून. एक-दोन पुजाऱ्याला, लहान मुलांना उजळ रंगांची, म्हाताऱ्यांना गडद रंगांची आणि शिडीची नक्षी असलेली, स्वर्गाची वाट सोपी व्हावी म्हणून. आणि काही कबरींवर, गेलेल्यांसाठी.

नक्षीचं सांगायचं तर हुत्सुल डोंगराळ मुलखाला पहिला मान द्यावा लागतो. कार्पेथियन पर्वतातल्या या लोकांचं कोस्माच नावाचं गाव पिसांकेसाठी प्रसिद्ध. पिवळा, नारिंगी, लाल, काळा. रेघा इतक्या बारीक आणि दाट की लांबून विणकाम वाटावं. त्यात हरणं, घोडे, देवदाराच्या फांद्या. पूर्वेकडे पोल्तावाच्या सपाट प्रदेशात रंग थोडे, आकार मोठे, पानाफुलांचे. कार्पेथियनमधलेच लेम्को आणि बोइको लोक तर किस्तका वापरतच नाहीत असं पुष्कळदा दिसतं. ते टाचणीचं डोकं वितळलेल्या मेणात बुडवून अंड्यावर टेकवतात आणि झटकन ओढतात. एका बाजूला जाड, दुसरीकडे निमुळता, असा अश्रूच्या आकाराचा फटकारा उमटतो. तेवढ्या एका फटकाऱ्यातून सूर्य, फुलं, झाडं सगळं काढतात.

एक नक्षी सगळीकडे सापडते. अंड्याची पाठ चाळीस त्रिकोणांत विभागायची. चाळीस दिवसांचा उपवासकाळ, असं तिचं कारण सांगतात. नागमोडी, टोक नसलेली, अंड्याभोवती फिरत राहणारी रेघही तशीच सर्वत्र. बाकी नमुन्यांची नावं शेतातली: दंताळं, मेंढ्याची शिंगं, हंसाची पावलं, ओकचं पान. आजकाल भेटवस्तूंच्या दुकानांत प्रत्येक चिन्हाचा एकेक अर्थ छापलेला तक्ता मिळतो. हरिण म्हणजे दीर्घायुष्य, देवदार म्हणजे आरोग्य, वगैरे. त्या तक्त्यांवर माझा फारसा विश्वास नाही. गाव बदललं की नमुन्याचं नाव बदलतं, नाव बदललं की अर्थ. काढणारीनं आपल्या आईकडे जसं पाहिलं तसं काढलं, आणि तेच पुरेसं होतं.

या कलेच्या वयाबद्दलही असंच सावधपणे बोलावं लागतं. युक्रेनमधल्या पाच-सहा हजार वर्षांपूर्वीच्या त्रिपिल्या संस्कृतीच्या मातीच्या भांड्यांवर जी वळणं आहेत ती पिसांकेवरही दिसतात, म्हणून पिसांका तेवढी जुनी, असं अभिमानानं सांगितलं जातं. पण त्या काळचं नक्षीदार अंडं कुणाच्या हाती लागलेलं नाही, आणि सारखं वळण दोन काळांतली माणसं आपापली काढू शकतात. माणूस अंड्यावर रेघा ओढतो ही गोष्ट मात्र फारच जुनी: दक्षिण आफ्रिकेतल्या डीपक्लूफच्या गुहाश्रयात शहामृगाच्या अंड्यांचे कोरलेले तुकडे मिळाले आहेत, सुमारे साठ हजार वर्षांपूर्वीचे. कीव्हच्या मध्ययुगीन राज्यात मातीची, काचेसारखा लुकण दिलेली, आत खडा असलेली अंडी होत. ती पोलंड-स्वीडनपर्यंत सापडतात. आणि खऱ्या अंड्यावरची आज हाती असलेली सगळ्यात जुनी युक्रेनी पिसांका २०१३ साली ल्विव्ह शहरात उत्खननात मिळाली, पावसाचं पाणी साठवण्याच्या पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या व्यवस्थेत. हंसजातीच्या पक्ष्याचं अंडं, लाटांची नक्षी, आणि जवळजवळ अखंड. त्यानंतरची जुनी, बातुरिनची, २००८ साली सापडली. बातुरिन ही कोसॅकांचा सरदार माझेपा याची राजधानी १७०८ मध्ये रशियन सैन्यानं जाळून उद्ध्वस्त केली. चिरडलेल्या कोंबडीच्या अंड्याच्या कवचावर निळसर करड्या पार्श्वभूमीवरची नक्षी मात्र वाचली. पाचशे वर्षांचा हा पुरावा काही कमी नाही. त्यात आणखी हजारो वर्षं भरून घालायची गरज नाही.

पुरावा इतका थोडा का, याचं उत्तर वस्तूतच आहे. कच्चं अंडं वर्षानुवर्षं ठेवलं की आतला ओलावा कवचाच्या हजारो सूक्ष्म छिद्रांतून निघून जातो आणि बलक सुकून त्याची लहान गोळी होते. हलवलं की खुळखुळते. पण तिथपर्यंत पोहोचण्याआधी पुष्कळ अंडी फुटतात, काही आत कुजून वायूच्या दाबानं फाटतात. आजीची पिसांका नातीपर्यंत पोहोचणं हा योगायोग. आजीचा हात पोहोचतो, पण नातीनं तिच्याजवळ बसून तो शिकला तरच. आपल्या उंबऱ्यावरची रांगोळी रोज पुसली जाते आणि रोज काढली जाते, म्हणूनच ती टिकली आहे. पिसांकेचंही तसंच, फक्त फेरा वर्षाचा.

हुत्सुलांची एक गोष्ट हेच सांगते. जगाचा नाश करणारा एक दुष्ट सर्प डोंगरकड्याला साखळ्यांनी बांधलेला आहे. दरवर्षी तो आपले दूत पाठवतो: यंदा किती पिसांका झाल्या ते मोजून या. संख्या भरपूर असेल तर साखळ्या आवळल्या जातात. कमी भरली तर सैल होतात. मागच्या वर्षीच्या अंड्यांचा हिशेब तो धरत नाही.

विसाव्या शतकात साखळ्या खरोखरच सैल झाल्या. त्याआधी एक मोठं काम होऊन गेलं होतं, त्याबद्दल कृतज्ञ राहायला हवं. पोल्तावा प्रांतातल्या लुब्नीत कातेरिना स्कार्झिन्स्का या जमीनदार बाईंनी खासगी संग्रहालय उभारलं आणि तिथल्या सेर्ही कुल्झिन्स्की यांनी १८९९ मध्ये संग्रहातल्या दोन हजारांहून अधिक पिसांकांची सचित्र सूची छापली, कोणती कुठली ते नोंदवून. पुढे काय वाढून ठेवलंय याची कुणालाच कल्पना नव्हती. सोव्हिएत राजवटीत ईस्टर हाच गुन्हा ठरला. चर्चं बंद, सण बंद, आणि १९३२-३३ च्या कृत्रिम दुष्काळात मध्य आणि पूर्व युक्रेनच्या गावांत लाखो माणसं उपासमारीनं मेली. ज्या घरात दाणा नाही तिथे कोंबडी कुठली आणि अंडं कुठलं. आईकडून मुलीकडे जाणारी वाट तिथे तुटली. पश्चिमेकडचा मुलूख दोन युद्धांच्या दरम्यान पोलंड, रुमानिया आणि चेकोस्लोव्हाकियाकडे होता, दुसऱ्या महायुद्धातच सोव्हिएत ताब्यात गेला. हुत्सुल डोंगरांत पिसांका अधिक टिकली याचं मोठं कारण हे. तिथेही १९४६ नंतर ग्रीक कॅथलिक चर्चवर बंदी आली, पण तोवर शिकलेल्या बायका घराच्या खिडक्या लावून काढत राहिल्या. १९६८ साली कीव्हमध्ये एरास्त बिन्याशेव्स्की यांचा पिसांकांवरचा चित्रसंग्रह निघाला. धर्माचं नाव न घेता, लोककला म्हणून. त्या पुस्तकानं आणि कुल्झिन्स्कींच्या सूचीनं पुढच्या पिढ्यांना नमुने दिले. आजच्या पुष्कळ पिसांका या पानांवरून काढल्या जातात.

बाकीची कला परदेशी वाढली. पश्चिम युक्रेनमधल्या गॅलिशियातून कॅनडाला स्थलांतर १८९१ मध्ये सुरू झालं. मेंढीच्या कातड्याचे कोट घातलेली ही शेतकरी कुटुंबं अल्बर्टा, सस्कॅचेवान, मॅनिटोबाच्या मैदानांत वसली आणि बायकांनी बरोबर किस्तका नेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर निर्वासितांची लाट गेली. पॅरिशच्या तळघरांतले वर्ग, इंग्रजीतली पुस्तकं, टपालानं रंगाच्या पुड्या, विजेवर तापणारी किस्तका हे सगळं तिकडचं. पश्चिमेला आज जी पिसांका माहीत आहे ती बहुतांशी या बायकांमुळे.

अल्बर्टात एडमंटनच्या पूर्वेला वेग्रेव्हिल नावाचं लहान गाव आहे. तिथे १९७५ मध्ये एक प्रचंड पिसांका उभी राहिली, कॅनडाच्या घोडेस्वार पोलिसांच्या शताब्दीनिमित्त. नक्षी पॉल सेंबालियुक यांची. पण अंड्याचा आकार कसा बांधायचा हा प्रश्न सोपा नव्हता. गोल, शंकू, घुमट यांची सूत्रं होती. एका बाजूला फुगीर, दुसरीकडे निमुळत्या अंड्याला पत्र्याच्या तुकड्यांनी मढवण्याची तयार रीत नव्हती. युटा विद्यापीठातले संगणकतज्ज्ञ रॉन रेश यांनी ती शोधली. अ‍ॅल्युमिनियमचे त्रिकोण आणि तारे एकमेकांना किंचित कोनात जोडत ३,५१२ पैलूंचं अंडं तयार झालं. सोनेरी, रुपेरी आणि कांस्य रंगांचं हे अडीच टनांच्या आसपासचं धूड वाऱ्याबरोबर फिरतं. संगणकानं आकार देऊन बांधलेल्या सुरुवातीच्या वास्तूंमध्ये त्याचं नाव घेतलं जातं. जी आकृती खेड्यातली बाई बोटांच्या अंदाजानं चाळीस त्रिकोणांत विभागते, तिच्यासाठी १९७५ च्या गणिताला इतकं झटावं लागलं याचा मला तिच्यासाठी आनंद वाटतो.

मायदेशी १९९१ च्या स्वातंत्र्यानंतर सगळं उघड झालं. कार्पेथियनच्या पायथ्याशी कोलोमिया शहरात २००० साली पिसांका संग्रहालय उघडलं. त्याचा मुख्य भागच तेरा-चौदा मीटर उंचीच्या अंड्याच्या आकाराचा. आत दहा हजारांहून अधिक अंडी, युक्रेनच्या सगळ्या प्रांतांतली आणि बाहेरच्या देशांतलीही. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोनं पिसांकेची परंपरा मानवतेच्या अमूर्त वारशाच्या प्रातिनिधिक यादीत घेतली. अर्ज युक्रेन आणि एस्टोनिया या दोन देशांचा होता, कारण एस्टोनियात स्थायिक झालेले युक्रेनी लोकही ती जपून आहेत. यादीत नोंद झाली ती अंड्यांची नाही, अंडी रंगवण्याच्या कलेची, आणि हे नेमकं बरोबर झालं. त्या वेळी रशियाच्या मोठ्या आक्रमणाला तीन वर्षं होत आली होती. वीज नसलेल्या संध्याकाळी मेणबत्ती लागतेच. जगभर विखुरलेल्या युक्रेनी बायकांनी त्या वर्षांत पिसांका शिकवून, विकून घरच्यांसाठी पैसे पाठवले.

कोलोमिया ज्या प्रांतात आहे त्याचं मुख्य शहर इव्हानो-फ्रँकिव्स्क. हे नाव महाराष्ट्रातल्या अनेक घरांत ठाऊक आहे, कारण तिथल्या वैद्यकीय विद्यापीठात आपली मुलं शिकत होती. २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये रुमानिया आणि पोलंडच्या सीमा ओलांडून आणि 'ऑपरेशन गंगा'च्या विमानांनी ती परत आली. आपल्या वसईत, वांद्र्यात, गोव्यात ईस्टरला मार्झिपानची अंडी करतात, गोव्यात बदामाऐवजी काजूची, वर साखरेची फुलं. ती खाऊन संपतात आणि तेच त्यांचं काम. पिसांका मात्र मराठी घरात आली असेल तर बहुधा या मुलांच्या बॅगेतून.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरी काचेच्या कपाटात असं रंगीत अंडं असेल तर ते हातात घेऊन पाहा. जड आणि ठोकल्यावर लाकडी आवाज करणारं असेल तर ते बाजारातलं लाकडी. हलकं आणि कानाशी हळूच हलवल्यावर खुळखुळणारं असेल तर ते खऱ्या अंड्यावरचं असण्याची शक्यता मोठी. ते उन्हात ठेवू नका, हवाबंद डब्यात घालू नका, ओल्या फडक्यानं पुसू नका. आणि ज्या मुलानं किंवा मुलीनं आणलं त्यांना विचारा: कुणी दिलं, घरमालकिणीनं की वर्गमैत्रिणीच्या आईनं, कुठल्या गावची होती ती, नक्षीचं नाव तिनं काय सांगितलं होतं. ते कागदावर लिहून अंड्याजवळ ठेवा. कुल्झिन्स्कींनी १८९९ मध्ये एवढंच केलं होतं.

आणि करून पाहायचं असेल तर फार काही लागत नाही. आपल्याकडे दुकानात पांढरी अंडी मिळतात. कांद्याची टरफलं मंडईतून पिशवीभर फुकट मिळतील. दोन मोठ्या मुठी टरफलं बुडतील एवढ्या पाण्यात अर्धा तास उकळा, गाळा, पूर्ण थंड होऊ द्या, चमचाभर व्हिनेगर घाला. काढा गरम असेल तर अंड्यावरचं मेण वितळेल. किस्तका नसेल तर लेम्को बायकांची टाचणी आहे: गोल डोक्याची टाचणी पेन्सिलीच्या मागच्या रबरात खोचा, वितळलेल्या मेणात बुडवा, टेकवा आणि ओढा. मेण मध काढणाऱ्यांकडचं घ्या, मेणबत्तीचं पॅराफिन अंड्यावर तितकंसं धरत नाही. पहिल्या वेळी एकच रंग पुरे, पांढऱ्यावर तांबूस. मेण वितळवताना मुलांजवळ मोठ्यांनी बसावं, आणि हे अंडं नंतर खाऊ नये.